आमची तीन विमानं आणि चौथं

विमानाच्या कंपनीत नोकरी लागल्याचं मी घरी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली आणि विचारलं, “तिरड्या बनवायची बी कंपनी असते का गं?”

त्यांची चूक नव्हती. बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात आमच्या गल्लीत विमान म्हटलं की आभाळाकडे कोणी बघत नाही. भरल्या घरातलं, नातवंडं-पतवंडं खेळवलेलं माणूस गेलं की त्याला साध्या तिरडीवर नेत नाहीत. बांबूचा सांगाडा बांधतात, त्याला झेंडूच्या माळा, रंगीत कागद, चार कोपऱ्यांना केळीचे खांब. मग बँड लावून, गुलाल उधळत त्याला तापीवर नेतात. त्या सजवलेल्या सांगाड्याला विमान म्हणतात. डोल ग्यारसला, म्हणजे भाद्रपदातल्या एकादशीला, देव ज्यात बसून निघतात तेही विमानच. म्हणून ‘त्यांचं विमान काय निघालं!’ हे आमच्याकडे कौतुकाचं वाक्य आहे, आणि ‘त्यांच्याकडे विमान येणार’ असं जिभेला हाड नसलेला माणूसही म्हणत नाही.

मला राग पटकन येतो. मी ताडकन म्हटलं, “काकू, उडणारं विमान. पंखवालं.”

“हां हां, तेच ते,” काकू म्हणाल्या. “वरच जातं ना?”

कंपनी दक्षिणेत होती. एका मोठ्या शहराच्या पार बाहेर, जिथे रिक्षावाले परतीचं भाडं मिळणार नाही म्हणून आधीच मान हलवतात, अशा जागी एक पत्र्याची शेड. मालकांना आम्ही सर म्हणायचो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विमानांचे पंख जुळवून झाल्यावर त्यांच्या डोक्यात आलं की आपलं स्वतःचं एक असावं. मोठं नको. आपल्याकडच्या कारखानदाराला सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी जाता यावं, आखूड धावपट्टीवर उतरता यावं, एवढं छोटं बिझनेस विमान. कंपनीत माणसं इतकी कमी की वाढदिवसाचा केक दुसऱ्या दिवशी चहाबरोबर संपवावा लागे.

बाबांना मी ‘बिझनेस विमान’ असं सांगितलं आणि त्यांनी त्याचं सरळ मराठी केलं: धंद्याचं विमान. बाबांचा जन्म केळी भरण्यात गेला. निंबोल्याच्या मळ्यातून घड उचलायचे, ट्रक भरायचे, दिल्लीकडे रवाना करायचे. त्यामुळे त्यांचे प्रश्न तयारच होते.

“माल किती बसते? ॲव्हरेज काय देते?”

“बाबा, त्यात माल नाही बसत. मालक बसतो.”

“फक्त मालक?” बाबांनी बोटांवर हिशेब केला. “मग रिकामीच गाडी चालली म्हण ना.”

सरांनी काढलेलं पहिलं विमान दिसायला असं काही देखणं होतं की मी त्याचा फोटो बरेच दिवस मोबाइलवर लावून फिरले. इंजिन मागे, फिरणारा पंखाही मागे, नाकापाशी एक इवलासा पंख. उडायचंही सुरेख. घोटाळा जमिनीवर होता. सगळं वजन मागे असल्यामुळे पुढच्या खुर्चीत कोणी नसलं की ते नाक वर करून चक्क शेपटीवर बसायचं. म्हणून पाहुणे आले की आधी आमच्या अकाउंटंटना पुढे नेऊन बसवायचं आणि मग दार उघडायचं. पाहुण्यांना वाटायचं, हेच पायलट. ते यांना हवामानाचं विचारायचे आणि अकाउंटंट गंभीरपणे “बरं आहे” म्हणायचे. एकदा पाहुणे आत गाद्या दाबून बघत असताना त्यांना घरून फोन आला. रेंज येईना म्हणून ते खाली उतरले, आणि आतले सगळे पाहुणे हळूहळू मागच्या भिंतीला जाऊन टेकले. कोणाला काही लागलं नाही, पण ऑर्डरही कोणी दिली नाही. शिवाय आपल्याकडचं ऊन! जमिनीवर उभं असताना मागच्या इंजिनाला वारा लागायचा नाही आणि ते तापून लाल व्हायचं.

मी घरी फोटो पाठवला, शेपटीवर बसलेला. बाबा म्हणाले, “ही तर बसकी म्हैस आहे.” झालं. त्या विमानाला कंपनीने दिलेला आकडा मला आता आठवत नाही. आमच्या घरात ती म्हैसच.

म्हशीने शिकवलं म्हणून दुसऱ्यात इंजिन नाकाशी आणलं आणि पंख डोक्यावर नेला. चार माणसं, जाड चाकं. शेताच्या बांधाशेजारीसुद्धा उतरलं असतं. बसून राहायचं नाही, तापायचं नाही, आम्ही सगळे हवेत. मग एका कारखानदाराला आणि त्याच्या भागीदाराला फिरवून आणलं. वर असताना एकाने काहीतरी विचारलं, दुसऱ्याने हो म्हणून मान हलवली, आणि खाली उतरल्यावर दोघांचं असं कडाक्याचं भांडण झालं की विमानाचा विषयच राहिला बाजूला. आत आवाजच इतका होता. बिझनेसच्या विमानात बिझनेसचं बोलणं ऐकू येईना.

त्याचा व्हिडिओ बघून बाबा खूश झाले. “अरे, हा तर पॉवरलूम!” आणि लगेच सल्ला: “सरांना सांग, बुऱ्हाणपुरात विका. इथल्या माणसाला मागाच्या खटखटीत बोलायची सवय आहे. इथं सगळ्यांना ऐकू येईल.” मी हसत हसत सरांना हे सांगितलं. सर हसले नाहीत. त्यांनी बुऱ्हाणपूरला किती माग आहेत असं विचारलं.

तिसरं मात्र जमलं. सहा माणसांचं, खाली पंख, आतून शांत. आणि त्याचं दार मी काढलं.

हे मी उगाच सांगत नाही. लोकांना वाटतं विमानात पंख महत्त्वाचे, इंजिन महत्त्वाचं. असेल. पण माणसाची आणि विमानाची पहिली गाठ दाराशी पडते. या दाराचा खालचा अर्धा भाग उघडला की तोच जिना व्हायचा, आतल्या बाजूला पायऱ्या घडी घालून ठेवलेल्या. उडताना ते बंद राहिलं पाहिजे आणि उतरल्यावर उघडलं पाहिजे, दोन्ही वेळा हट्ट न करता. ऐकायला सोपं आहे. मी त्याच्यापायी किती रडले आणि किती जणांवर ओरडले, ते कंपनीतले लोक अजून सांगतात.

दार अर्ध्यावर असताना आई गेली. मी बुऱ्हाणपूरला आले ती राहिलेच. सरांनी म्हटलं, घरून काढ चित्रं, तुझ्या वाट्याचं काम बाबांच्या घरात मावेल. मग लोधीपुऱ्यातल्या वरच्या खोलीत माझा कॉम्प्युटर लागला. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे पापड दिसायचे आणि पडद्यावर बिजागऱ्या. बाबा चहा घेऊन यायचे, पडद्यावरच्या दाराकडे बघत उभे राहायचे, आणि खाली जाऊन गल्लीत सांगायचे, “विमान बाकीचे लोक करतात. माझी पोरगी दार करते.” आणि मी, कोणी विचारलंच तर, सांगायचे की बाबा एकटे आहेत, म्हणून मी इथे आहे.

त्या विमानाचं नावही बाबांनीच ठेवलं. “आवाज नाही करत. बसून नाही राहत. दार नीट उघडते. ही सूनबाई आहे. ही नांदेल.”

सूनबाईला उडायचं प्रमाणपत्रही मिळालं. फक्त मागणी येईना. तोवर सरांचा दम संपत आला होता. एके दिवशी त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं की एक तरी गिऱ्हाईक आलं तर शेड चालू राहील, नाहीतर कुलूप. माझ्यासाठी त्याचा अर्थ सरळ होता. सूनबाई विकली गेली तर मी बाबांजवळ. नाही तर कुठल्यातरी परक्या शहरात, परक्या कंपनीत, कारण लोधीपुऱ्यात बसून दारं काढू देणारी दुसरी कंपनी या पृथ्वीवर नव्हती.

आणि गिऱ्हाईक आलं ते आमच्याच बाजूचं! शेजारच्या जिल्ह्यातले एक सेठ. शीतगृहं, कारखाने, सगळा पसारा गावोगाव, आणि निम्मं आयुष्य गाडीत. त्यांच्याकडच्या हवाई पट्टीवर सूनबाईला घेऊन या, असा निरोप आला. सोबत आणखी एक गोष्ट कळली. सेठजी आईला विचारल्याशिवाय चप्पलसुद्धा घेत नाहीत. म्हणजे विमान बघायला आई येणार होती.

मी आनंदाने वेडी झाले. बाबा माझ्याहून. “स्वागताचं मी बघतो,” ते म्हणाले, “तू दार बघ.” आणि त्यांनी आमच्या बुऱ्हाणपुरातल्याच लालबागच्या डेकोरेशनवाल्याला फोन लावला. तो लग्नाचे मंडप घालतो, डोल ग्यारसला देवांची विमानं सजवतो, आणि ती दुसरी विमानंही. मी जिन्यावरून बाबांचा अर्धा भाग ऐकला. त्याचा अर्धा त्यानं मला मागाहून सांगितला, हात जोडून.

“उद्या विमान येऊन राहिलं,” बाबा म्हणाले. “सजावट पाहिजे एकदम झकास.”

“अरे राम. कोण, काका?”

“सेठजींची आई.”

“कधी झालं?”

“झालं नाही अजून. उद्या सकाळी दहाला जाणार.”

डेकोरेशनवाला हळू आवाजात म्हणाला, “म्हणजे... अजून आहेत?”

“आहेत ना! ठणठणीत आहे म्हातारी. पण उद्या दहाला वर जाणार, पक्कं आहे.”

“डॉक्टर बोलले का?”

“डॉक्टर कशाला? आमचे सर बोलले. त्यांचं सगळं टायमावर असते.”

“उमर काय असेल, काका?”

“नव्वदीला टेकली असेल.”

“नातू, पणतू?”

“सगळे येणार बघायला.”

“मग तर बँड, गुलाल, सगळं लागेल.”

“लागेलच! काही कमी पडायला नको, सांगून ठेवतो. माझ्या पोरीचं भविष्य आहे त्याच्यावर.”

शेवटच्या वाक्याने तो जरा चक्रावला म्हणे. पण म्हातारी जाता जाता काकांच्या पोरीला काहीतरी देऊन जात असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. हवाई पट्टीचंही त्याला नवल वाटलं नाही. मोठ्या लोकांचं विमान मोठ्या जागेवरून निघत असेल, आपल्याला काय.

सकाळी हवाई पट्टीवर सूनबाई आली. उन्हात चमकत उतरली, वळली, आमच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि दार उघडलं. माझं दार! पायऱ्या सुळकन बाहेर आल्या. मी टाळ्या वाजवणार होते, पण कंपनीची माणसं स्वतःसाठी टाळ्या वाजवत नाहीत म्हणून हात मागे बांधून उभी राहिले. सेठजींची आई नऊवारीत, हातात काठी. काठी त्यांनी नातवाकडे दिली, कठड्याला धरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबल्या. “पायरी चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “गुडघा काही बोलला नाही.” आणि चढल्या. पाठोपाठ सेठजी, मग सर. दार बंद झालं, हट्ट न करता. सूनबाई धावली आणि वर गेली.

ती तापीच्या दिशेने लहान होत गेली आणि तेवढ्यात टेम्पो आला.

पांढरा कुर्ता घातलेला डेकोरेशनवाला खाली उतरला आणि पडलेल्या चेहऱ्याने, सगळ्यात मोठ्या दिसणाऱ्या माणसाकडे, म्हणजे सेठजींच्या धाकट्या भावाकडे गेला. त्याने हात जोडले.

“आजी गेल्या?”

“गेल्या ना, आत्ताच,” भाऊ आनंदाने म्हणाले आणि बोट वर केलं. “त्या बघा.”

डेकोरेशनवाल्याने वर बघून नमस्कार केला. “त्रास नाही ना झाला?”

“छे! हसत गेल्या.”

“भाग्य लागते, भाऊ.”

“लागतेच की.”

मग भाऊंची नजर टेम्पोकडे गेली. त्यात बांबूचा सांगाडा होता, झेंडूत बुडालेला, चार कोपऱ्यांना केळीचे खांब, बसायला मधोमध लाल कापडाची बैठक. मागून बँडवाले उतरत होते. भाऊंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. “हे काय आहे?”

“विमान.”

“विमान तर वर आहे!”

“काकांनी तर हेच सांगितलं,” तो म्हणाला आणि बाबांकडे बघितलं.

मी बाबांकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. ते टेम्पोकडे बघत होते आणि त्यांच्या ओठांचे कोपरे थरथरत होते. ते रडणार आहेत की हसणार आहेत, हे मलाही कळेना. मी दातांवर दात ठेवून म्हटलं, “बाबा, काय सांगितलं होतं तुम्ही त्याला?”

“विमान सांगितलं गं,” बाबा म्हणाले. “विमानच तर आणलं त्यानं.”

सूनबाई परत येत होती. “झाका ते! ताडपत्री टाका!” मी ओरडले आणि आम्ही सगळे टेम्पोकडे धावलो. एवढी माणसं धावताना बघून बँडवाल्यांना वाटलं, वेळ झाली. त्यांनी संथ लयीतलं भजन सुरू केलं, ज्याच्या चालीवर आमच्याकडे माणसं शेवटची तापीवर जातात. त्या सुरांवर माझं विमान धावपट्टीवर टेकलं, वळलं आणि थांबलं.

दार उघडलं. आजी दारात आल्या. बँडवाल्यांनी त्यांना बघितलं आणि ते वाजवायचं विसरले. डेकोरेशनवाल्याच्या हातातली फुलांची परडी खाली पडली. मागे सेठजी, त्यांच्या मागे सर, ज्यांना यातलं काहीच कळत नव्हतं आणि जे सगळ्यांकडे बघून हसत होते. मला वाटलं, गेलं. शेड गेली, दार गेलं, बाबा एकटे पडले. सगळं एका शब्दाने गेलं.

“कोनाचं विमान आहे हे?” आजींनी विचारलं.

सेठजींचा आवाज चढायच्या आत बाबा पुढे झाले आणि हात जोडले. “आजी, माझी चूक झाली. मी ह्या विमानाचं सांगितलं, त्याला ते विमान वाटलं. माझ्या पोरीवर राग नका काढू. हे दार तिनं केलंय.”

आजींनी सजवलेल्या सांगाड्याकडे बघितलं. मग स्वतःकडे. मग त्या माझ्या जिन्याच्या मधल्या पायरीवर मटकन बसल्या. सेठजी घाबरून खाली वाकले, पण आजी हसत होत्या. अख्खं अंग हलत होतं, पदर तोंडाशी, डोळ्यांतून पाणी. “माझ्यासाठी?” त्या म्हणाल्या. “एवढा झेंडू? अरे, लग्नात बी नव्हता एवढा!” आणि मग काय, भाऊ फुटले, नातवंडं फुटली, बाबा तर खाली जमिनीवरच बसले.

हसणं ओसरल्यावर आजींनी मुलाचा हात धरला. “हे घेऊन टाक,” त्या सूनबाईवर थाप मारून म्हणाल्या. “जित्यापनी ह्या विमानात फिरव मला. मेल्यावर हातगाडीवर नेलं तरी बी चालीन.”

सेठजींचे डोळे भरून आले. मग सरांकडे वळून त्यांनी फक्त होकाराची मान हलवली.

“आजी,” डेकोरेशनवाल्याने चाचरत विचारलं, “आता गुलालाचं काय करू?”

“उधळ की! मी बघून राहिली तवर उधळ.”

मग वरातीतलं गाणं वाजलं आणि पायलटपासून अकाउंटंटपर्यंत सगळे गुलाबी झाले. हो, अकाउंटंटही आले होते, जुन्या सवयीने.

दुपारी सर लोधीपुऱ्यात आमच्या घरी जेवायला आले, कानात गुलाल तसाच. बाबांनी गरम मावा जिलेबी आणवली. काकू डोकावून गेल्या आणि “कोणाचं झालं म्हणता?” विचारून गेल्या. मी इतकी हसले होते की बरगड्या दुखत होत्या. मग सर म्हणाले की सेठजींच्या दोन मित्रांनीही बघायला बोलावलं आहे, आता एक नाही, एकामागून एक सूनबाई करायच्या, आणि तेवढं कागदावरून भागणार नाही. दार हाताने बसवावं लागतं. “तुला आता शेडमध्ये यावं लागेल,” ते हिंदीत म्हणाले. “पुढच्या महिन्यापासून.”

माझा घास तसाच राहिला. विकलं गेलं तर मी इथे, एवढंच मी धरून बसले होते. विकलं गेल्यावर काय होतं, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. मला एकदम राग आला, कोणाचा ते ठाऊक नाही. “नाही जमणार, सर,” मी म्हटलं. “बाबा एकटे आहेत. यांच्यासाठी तर मी इथे थांबले.”

“माझ्यासाठी?” बाबांनी जिलेबी खाली ठेवली. “मला कोणी विचारलं?”

“बाबा, तुम्ही...”

“गल्लीत मी काय सांगतो, मालूम आहे तुला? पोरीला आईची आठवण सोडत नाही, तिला हे घर सोडवत नाही, म्हणून मी बसलोय इथं. नाहीतर कधीचाच निघालो असतो.” त्यांनी ताट बाजूला सारलं. “मला हे घर खायला उठते गं. तुझ्या आईच्या मागे एक दिवस नाही करमलं मला इथं. तू होती म्हणून काढले.”

खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आम्ही दोघं, एकमेकांना सांभाळायला म्हणून, ज्या घरात कोणालाच राहायचं नव्हतं त्या घरात राहत होतो. मला हसू यायला लागलं आणि त्याबरोबरच रडू, आणि बाबांनी जिलेबीच्या पाकाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

सरांना मराठी येत नाही. ते आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होते. “क्या बोल रहे हैं बाबूजी?”

“बोल रहे हैं,” मी नाक पुसत म्हटलं, “हम दोनों आ रहे हैं.”